तीनदा विचारायची सवय

मुलाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. मुलगा स्पेनमध्ये असतो, अकरा वर्षं झाली. तिथल्याच एका मुलीशी त्याने लग्न केलं, आणि आता दीड वर्ष झालं, दोघं वेगळे राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी नात, आईजवळ असते. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं होतं.

त्याने सांगितलं की डिसेंबरात बारा दिवसांसाठी तिला घेऊन रायपूरला येतो. मी शेंगांची परात बाजूला सारून बायकोला हाक मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, एक अट आहे. निघायच्या आदल्या दिवशी मुलीची आई फोनवर तिला स्वतः विचारणार होती, की परत यायला आवडेल का. मुलगी हो म्हणाली तर दर वर्षी सुट्टीत पाठवणार. नाही म्हणाली तर मोठी होऊन ती स्वतः म्हणेपर्यंत तिला कोणी आणायचं नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सहा वर्षांच्या पोट्टीले काय विचारते? तिले काय समजते?"

"वहाँ पूछते हैं, बाबा," तो म्हणाला. आम्ही त्याच्याशी जन्मभर मराठी बोललो आणि तो जन्मभर हिंदीत उत्तर देत आला. चौबे कॉलोनीतल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत हीच तऱ्हा आहे, त्यामुळे त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

फोन ठेवल्यावर हिशेब सोपा होता. मी सहासष्टचा, बायको बासष्टची. मला दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत एक जाळी बसवलेली. "मोठी होऊन" म्हणजे किती, बारा वर्षं, पंधरा वर्षं? त्या दिवशी बायकोने वरणात दोनदा मीठ घातलं. पोरगी नाही म्हणाली तर आम्हाला ती पुन्हा दिसणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

मी रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढली, शेवटची पंधरा फोरमन म्हणून. अडचण आली की हातपाय गाळून बसणं माझ्या रक्तात नाही. तिसऱ्या दिवशी मी शंकर नगरात एका औषधाच्या दुकानावरच्या क्लासमध्ये जाऊन उभा राहिलो. परदेशी जाणारी पोरं तिथे भाषा शिकतात. स्पॅनिश शिकवणारी मॅडम माझ्या मुलापेक्षाही लहान होती. मी तिला सांगितलं की माझ्याकडे अकरा दिवस आहेत. ती हसली आणि हिंदीत म्हणाली, अंकल, अकरा दिवसांत भाषा येत नाही, एक धडा येईल. कुठला हवा ते सांगा.

मी म्हटलं, मला फक्त विचारता यायला हवं की हे तुला आवडतं का, आणि ती काय म्हणते ते कळायला हवं.

म्हणजे 'गुस्ता'चा धडा. मे गुस्ता, मला आवडतं. ते गुस्ता, तुला आवडतं. ले गुस्ता, त्याला किंवा तिला आवडतं. वस्तू एक असेल तर गुस्ता, अनेक असल्या तर गुस्तान. आवडत नसेल तर सगळ्याच्या आधी एक 'नो' लावायचा. वर्गातली पोरं इंग्रजीतून विचार करत होती आणि सारखी अडखळत होती, कारण इंग्रजीत माणूस पुढे होऊन आवडवून घेतो. एक पोरगा दर वेळी 'यो गुस्तो' म्हणायचा, म्हणजे जवळजवळ 'मी आवडतो'. मला मात्र एका क्षणात उमगलं. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आंबा बदलला की क्रियापद बदलतं आणि मी आपला 'मला' होऊन बाजूला बसलेला. अगदी आपल्यासारखंच. मी फळ्यापाशी जाऊन त्या पोराला हिंदीतून समजावून सांगितलं, तेव्हा मॅडमने बाकीच्यांना म्हटलं, बघा, अंकलना काही सांगावं लागत नाही. मी घरी येऊन ते बायकोला चार वेळा ऐकवलं.

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. समोरच्याला जे आवडत नाही तेच आपल्यालाही आवडत नसेल तर म्हणायचं, 'आ मी ताम्पोको'. मलाही नाही. मला ते शिकायची गरज वाटली नव्हती. मी तिथे आवडायच्या गोष्टींसाठी गेलो होतो, पण फुकट मिळतंय म्हणून पाठ करून टाकलं.

नात आली. अंगाने काटकुळी, केस बापासारखे राठ, आणि बघणं असं की समोरचा माणूस खरा आहे की नाही ते ती आधी तपासून घेते. रायपूरच्या माना विमानतळाहून घरी येईपर्यंत मी तिला गाडीतून दिसणाऱ्या सगळ्या गोष्टींबद्दल 'ते गुस्ता?' विचारून घेतलं. गाय, रिक्षा, पेरूची गाडी. मुलगा पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघत राहिला. बापाच्या तोंडून ही भाषा त्याला नवीन होती. नात प्रत्येक वेळी थोडा विचार करून उत्तर द्यायची. गाय 'सी', म्हणजे हो. रिक्षा 'सी'. पेरू 'नो'.

पहिले चार-पाच दिवस ठीक गेले. भांडी घासायला येणाऱ्या बाईने तिला तांदळाच्या पिठाचा फरा करून दिला, तो तिला आवडला. कॉलोनीतला लंगडा कुत्रा आवडला. जिलबी आवडली नाही, आम्ही म्हटलं असू दे. एकदा संध्याकाळी वीज गेली तेव्हा ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि मी तिला 'अंधेरा' हा शब्द शिकवला. रोज झोपताना मी मनात दोन्ही बाजू तोलून बघायचो. आवडलेल्यांची बाजू जड असायची, तरी मला चैन पडत नसे. काही कमी पडलं तर नाही ना, या धास्तीने मी तिच्यामागे प्रश्न घेऊन फिरायचो. बायको म्हणायची, "काहून मागे लागून राहिले हो तिच्या? घटकाभर बसू द्या तिले."

सहाव्या दिवशी मुलगा सकाळीच भिलाईला गेला, शाळेतल्या मित्राला भेटायला. नातीला दुपारपासून खोकला लागला होता. संध्याकाळी बायकोने हळद घालून दूध गरम केलं, गार करून कोमट केलं आणि पेला माझ्या हातात दिला. नात जेवणाच्या टेबलाशी चित्र काढत होती.

तिने पेल्यात बघितलं आणि म्हणाली, "नो, ग्राथियास." नको, धन्यवाद.

आता हे लिहिताना मला माझीच कीव येते, पण जे झालं ते असं. 'नो' मला समजला नाही असं नाही. तो धडा मी पैकीच्या पैकी शिकलो होतो. पण आमच्याकडे पहिला 'नको' कोणी मोजत नाही. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो तो रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो तो संकोचाने. वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा वाढायचंच. न वाढलं तर पाहुणा घरी जाऊन सांगेल की यांनी आग्रहच केला नाही. आणि घरातलं पोर असेल तर त्याला रीतही नसते आणि संकोचही नसतो, त्याने प्यायचंच असतं. माझ्या मुलाला मी दूध संपेपर्यंत पाटावरून उठू देत नसे. साय वर आली की तो डोळे मिटायचा. तो प्यायचा. त्याची हाडं चांगली झाली असं मी लोकांना सांगायचो.

मी पेला पुढे केला. ती म्हणाली, "नो मे गुस्ता." मला आवडत नाही. पूर्ण वाक्य, अगदी मॅडमने फळ्यावर लिहिलं होतं तसं. मी हसून म्हटलं, "एक घोट." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घे माय, खोकला जाईल." ती मान हलवायला लागली. मग मी डाव्या हाताने तिचं डोकं मागून धरलं आणि उजव्या हाताने पेला तिच्या ओठांना लावला.

मी जोर केला नव्हता. निदान मला तसं वाटलं नव्हतं. पण तिने दात घट्ट मिटले, दूध हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर कुठल्या पोराच्या तोंडून ऐकला नव्हता. ती खुर्चीवरून घसरली, पळाली, बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावून घेतली.

मी आधी चिडलो. हे कबूल करायला हवं. मनात आलं, लाडावून ठेवलंय पोरीला. मी पेला टेबलावर आपटला. तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, बाथरूमचं बंद दार बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अहो," ती म्हणाली, "आत रॉड लावून आहे."

गीझर त्या आठवड्यात बिघडला होता. म्हणून अंघोळीचं पाणी बादलीत विजेचा रॉड टाकून तापवत होतो. बटण आतच. आमचं बाथरूम एवढं लहान की दारापासून तीन पावलं मागे सरकलं तर बादलीला पाय लागतोच. पाणी तासाभरापासून तापत होतं.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्याने करंट गेला, पण दिवाही गेला. बाथरूमला वर एक झरोका आहे, तो दोन इमारतींच्या फटीत उघडतो, तिथून भर दुपारीसुद्धा उजेड येत नाही. आतलं रडणं एकदम थांबलं आणि मग दुप्पट जोराने सुरू झालं. ती अंधारात होती, उकळत्या पाण्यापासून तीन पावलांवर, आणि तिथे तिला मी ठेवलं होतं.

बायकोने मुलाला फोन लावला. त्याची रिंग आमच्याच बेडरूममध्ये वाजली. तो फोन चार्जिंगला लावून विसरून गेला होता.

दार तोडणं मला अवघड नव्हतं. पण दार आत उघडतं. तोडलं असतं तर ते तिच्या अंगावर गेलं असतं, किंवा दचकून ती मागे सरकली असती. शिवाय ते दार पाण्याने फुगलेलं आहे. आतली कडी काढायची तर ते जरा वर उचलावं लागतं; मोठी माणसं आतून उचलतात, तिच्यासाठी ते बाहेरून कुणाला तरी उचलावं लागणार होतं. म्हणजे कडी तिनेच काढायला हवी होती आणि त्यासाठी ती पुढे यायला हवी होती. मागे सरकू नको, पुढे ये, हलू नको, घाबरू नको, बादली गरम आहे. यातलं एकही वाक्य मला तिच्या भाषेत येत नव्हतं. तिला हिंदीचे दहा-पंधरा शब्द येत होते, तेही बाप सोबत असला तर. बायको दारावर हात मारून मराठीत काकुळतीला आली होती आणि प्रत्येक थापेसरशी आतला आवाज आणखी लांब गेल्यासारखा वाटत होता. मी तिचा हात धरून तिला बाजूला केलं.

मी खाली फरशीवर बसलो आणि दाराच्या फटीशी तोंड नेलं. माझ्याकडे एकच धडा होता.

"नो मे गुस्ता अंधेरा," मी म्हणालो. मला अंधार आवडत नाही.

ती रडतच होती. मी पुन्हा म्हणालो, हळू. हे खोटं नव्हतं. मिलमध्ये एकदा वीज गेली असताना भट्टीजवळ मी तासभर अडकलो होतो, तेव्हापासून मी झोपतानाही पॅसेजचा दिवा चालू ठेवतो आणि घरच्यांना सांगतो की बायकोसाठी ठेवलाय. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आतून एक हुंदका आला आणि मग बारीक आवाजात, "आ मी ताम्पोको."

मलाही नाही. मला जे शब्द शिकायची गरज वाटली नव्हती ते तेच होते. मी दाराचा खालचा कोपरा बोटांनी हळूहळू वाजवू लागलो, म्हणजे आवाज कुठून येतोय ते तिला कळावं.

"नो मे गुस्ता करेला," मी म्हणालो. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी कारल्याची भाजी झाली होती, तिने ताटात बघूनच तोंड वाकडं केलं होतं.

"आ मी ताम्पोको." आवाज जवळ आला होता की मला तसा वाटला, सांगता येत नाही.

मागून बायको कुजबुजली, "तुमाले कारलं आवडत नाही?" चाळीस वर्षं ती दर आठवड्याला माझ्यासाठी कारलं करत आली होती. मी हाताने तिला गप्प केलं. मग मी सांगत सुटलो. मला ट्रकचे हॉर्न आवडत नाहीत, तिथे गुस्तान लावायला विसरलो नाही. मला डॉक्टर आवडत नाहीत. मला लग्नांतला बँड आवडत नाही. जो शब्द येत नव्हता तो हिंदीत घातला, जो हिंदीत तिला समजला नसता त्याचा आवाज तोंडाने काढला. काहींना तिच्याकडून 'ताम्पोको' यायचं, काहींना नुसती शांतता. शांतता आली की मी कान लावून पाण्याचा आवाज येतो का ते ऐकायचो. मला वाटतं पंधरा मिनिटं गेली असतील. छातीत दुखत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी माझ्याजवळ खरं असं एकच उरलं. मी म्हणालो, "नो मे गुस्ता ला लेचे." मला दूध आवडत नाही.

तिने आतून काहीतरी लांबलचक विचारलं, त्यातला फक्त 'लेचे' मला कळला. मी म्हणालो, "नो, नो. नो मे गुस्ता." आणि खरंच नाही आवडत. माझे वडील मला नाक दाबून पाजायचे. मोठा झाल्यावर मी दुधाला शिवलो नाही, कोरा चहा पीत आलो, आणि पोर झालं तेव्हा पेला घेऊन त्याच्यापुढे बसलो. याची सांगड माझ्या डोक्यात त्या फरशीवर बसेपर्यंत कधी लागली नव्हती.

दाराच्या फटीतून तिचा श्वास माझ्या गालाला लागला. ती खाली बसून आली असावी, बुडाने सरकत. कडी खडखडली आणि अडली. मी दोन्ही हातांची बोटं दाराखाली घातली आणि जेवढं होतं तेवढं बळ लावून दार वर उचललं. बोटांची सालं निघाली. कडी सरकली. दार वीतभर उघडलं आणि आतून गरम वाफ बाहेर आली.

ती माझ्याकडे आली नाही, बायकोकडे गेली. ते बरोबरच होतं. मी तिथेच बसून राहिलो.

मुलगा आठच्या सुमारास परतला. बायकोने त्याला सगळं सांगितलं, मी कुठे चुकलो तेही गाळलं नाही. त्याने आधी मुलीचे हातपाय तपासले. मग तो माझ्यासमोर आला. मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आपने फिर वही किया." त्याच्यातला 'फिर' मला जेवढा लागला तेवढं दुसरं काही लागलं नसतं.

उरलेले दिवस मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. तीच यायची. त्या दाराशी झालेल्या बोलण्याचा तिने एक खेळ केला होता. ती मला काय आवडत नाही ते विचारायची, मी सांगायचो, आणि मग आम्ही घरातल्या एकेकाकडे बोट दाखवून त्याचं सांगायचो. आजीला काय आवडतं, भांडीवाल्या बाईला काय, लंगड्या कुत्र्याला काय. मी चुकलो की ती क्लासमधल्या मॅडमपेक्षा कडक व्हायची. तिने नको म्हटलं की मी ताट पुढे करत नव्हतो. सोपं नव्हतं. हात आपोआप पुढे जायचा आणि मी तो मांडीखाली दाबून बसायचो. पण मनातल्या मनात मला आशा वाटायला लागली होती. बायको तर मेमधल्या आंब्यांच्या गोष्टी करायला लागली होती.

अकराव्या दिवशी दुपारी फोन आला. मुलाने तो नातीसमोर टेबलावर उभा करून ठेवला आणि आम्ही तिघं पडद्यात दिसणार नाही असे एका बाजूला बसलो. पडद्यावर तिची आई. मी तिला कधी नीट पाहिलं नव्हतं, दमलेला चेहरा होता. दोघी भराभर बोलत होत्या. मी एकेक गुस्ता वेचत होतो. फरा गुस्ता. कुत्रा गुस्ता. आजीबद्दल मात्र ती गुस्ता म्हणाली नाही, दुसराच शब्द वापरला, पण हसून. मग आईने हळू एक प्रश्न विचारला. नातीने तिच्या सवयीप्रमाणे विचार केला. माझ्याकडे वळून बघितलं. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "नो."

त्याला भाषांतर लागत नव्हतं.

बायकोने माझा दंड धरला. "एकदम थोडीच कोणी हो म्हणते," ती म्हणाली. "पुन्हा विचारायले सांगा ना. तुमी विचारा." मुलगाही माझ्याकडेच बघत होता. मला कळत होतं की मी आता बोललो, कुत्र्याचं पिल्लू आणतो म्हणालो, डोळ्यांत पाणी आणलं, तर सहा वर्षांचं पोर कदाचित हो म्हणेल. फोन अजून चालू होता. मला फार वाईट वाटत होतं, आणि रागही आला होता, कुणावर ते माहीत नाही.

"तिनं नाही म्हटलं," मी बायकोला म्हणालो. "बस झालं." आणि नातीला म्हणालो, "बरं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काही म्हणेन म्हणून तिने खांदे आधीच आवळून घेतले होते. मी काही म्हटलं नाही. मुलाने फोन उचलला, दोन वाक्यं बोलून बंद केला. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

मग नातीचे खांदे खाली आले, ती सोफ्यावर चढून माझ्याशेजारी बसली आणि काहीच झालं नसल्यासारखा तिने आमचा खेळ सुरू केला. आधी कुत्रा झाला, मग आजी झाली. मग तिने बापाकडे बोट केलं आणि माझी वाट बघितली. अडतीस वर्षांचा माझा मुलगा समोर बसला होता आणि त्याला काय आवडतं याचं एकही वाक्य मला करता येत नव्हतं. मग तिने मला आठवण करून दिल्यासारखं सांगितलं, "आ पापा ले गुस्ता कांतार."

'ले' म्हणजे त्याला. पुढचा शब्द मला येत नव्हता. मी मुलाकडे बघितलं.

तो खाली बघत म्हणाला, "गाणं. मले गाणं म्हणायले आवडते, असं म्हणून राहिली ती."

तो मराठीत बोलला. मी त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. कधीच नाही. मी विचारलं, "कधीपासून?"

"लहानपणापासूनच, बाबा."

"मंग घरी कधी..."

"तुम्ही झोपलेले असायचे," तो म्हणाला. "रात्रपाळी करून यायचे ना. आवाज नको म्हणायचे."

त्यात तक्रार नव्हती. तेवढी असती तरी मला बरं वाटलं असतं. नात एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. मला त्याला म्हणावंसं वाटलं, आता म्हण, माझ्यासमोर म्हण, एक तरी ओळ. ओठांपर्यंत आलं होतं.

मी म्हटलं नाही. तिथेच बसून राहिलो, त्याला वाटलं तर वाटेल म्हणून.